न भिजलेली पट्टी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची मिस्सा आटोपून मी धर्मग्रामाच्या कचेरीत येऊन बसलो होतो. दाराशी एक मुलगी उभी होती. आमच्या युवक मंडळाची ती खजिनदार. सकाळी महाविद्यालय, दुपारनंतर औषधांच्या एका दुकानात गल्ल्यावरचे काम आणि रविवारी मंडळाचे हिशेब, असा तिचा आठवडा असतो. त्या संध्याकाळी हिशेबाची वही तिने छातीशी धरली होती. "आत ये" म्हटले तरी ती उंबरठ्यावरच थांबली.

"फादर, मी चोरी केली का, एवढंच मला सांगा."

मंडळाच्या मुलामुलींनी घरोघर फिरून रद्दी गोळा केली होती. ती विकून आलेले पैसे नाताळच्या कार्यक्रमासाठी तिच्याकडे ठेवले होते. अशात तिच्या वर्गातील एका मैत्रिणीची परीक्षेची फी भरायची राहिली. मुदतीचा शेवटचा दिवस आणि मैत्रिणीच्या घरी आजारपण. हिने मोबाईलवरून मंडळाचे चार हजार रुपये भरून टाकले. आपल्या पगारातून महिन्याभरात ते भरून काढू, कोणाला कळायचेही नाही, असा तिचा विचार होता. पण पगार हाती आला आणि घरातल्याच खर्चात गेला. आता मंडळाची सभा चार दिवसांवर आली होती.

मी धर्मगुरू आहे. अशा प्रश्नांची उत्तरे कशी द्यावीत याचे शिक्षण मला मिळालेले आहे. तरीही त्या वेळी उत्तर चटकन ओठांवर आले नाही. तिच्या जागी मला वीस वर्षांचा एक मुलगा दिसू लागला होता. त्याच्या डोक्यावर फुलांची ओली टोपली होती. मी तिला खुर्चीवर बसवले आणि १९९१ सालच्या सप्टेंबर महिन्यातील एका आठवड्याची हकिगत सांगितली. तीच येथे लिहून काढतो आहे.

तेव्हा मी एस. वाय. बी. ए.च्या वर्गात होतो. विषय अर्थशास्त्र आणि मराठी. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती आणि आमच्या गावातून पहाटेची पहिली एसटी निघे ती फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्या घेऊनच. आमची छोटी वाडी होती. केळी, जास्वंद, सोनचाफ्याची चार झाडे आणि कुंपणाला थोडी अबोली. बाबा वाडी आणि दोन म्हशी सांभाळीत. बाजार आई करी. पहाटेच्या गाडीने दादरला जाऊन, फुले घालून, साडेआठपर्यंत ती घरी परते आणि मग चुलीपुढे बसे. हे सारे इतके नेमाने चाले की त्यात काही कष्ट आहेत असे मला कधी वाटलेच नव्हते.

रविवारी, १ सप्टेंबरला संध्याकाळी आई वाडीच्या ओल्या बांधावरून घसरली आणि तिचा पाय मुरगळला. गणेशचतुर्थी पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी, १२ तारखेला होती. जास्वंदीच्या कळीला वर्षात भाव येतो तो याच दिवसांत. बाबांना म्हशींचे दूध काढून गिऱ्हाईकांकडे पोहोचवायचे असे. साहजिकच टोपली माझ्या डोक्यावर आली.

सोमवारी पहाटे मी प्रथमच मालडब्यात चढलो. डब्यात आमच्याच पंचक्रोशीतल्या बायका होत्या. कोणी भाजीच्या पाटीला टेकून डुलकी घेत होती, कोणी बसल्या बसल्या गजरे ओवीत होती. शेजारच्या काकींनी मला जागा करून दिली आणि टोपलीवरचे ओले फडके कसे सारखे करावे ते दाखवले. नायगाव सोडून गाडी खाडीच्या पुलावर आली की वारा डब्यात शिरे आणि फुलांचा व मासळीचा वास एकमेकांत मिसळून जाई. दादरला पश्चिमेला उतरायचे, स्थानकाला लागून भरणाऱ्या फूलबाजारात आपल्या नेहमीच्या दलालाकडे टोपली रिकामी करायची. तो मोजदाद करी, आपली दलाली कापून घेई आणि पेन्सिलीने लिहिलेली पट्टी व रोख पैसे हातावर ठेवी. पट्टी म्हणजे कागदाचा चार बोटांचा तुकडा. किती माल, काय भाव, किती वजा, किती दिले. हा तुकडा आई घरी येऊन बाबांच्या हाती देई आणि बाबा तो भिंतीवरच्या तारेला अडकवून ठेवीत.

दहा वाजता मी वर्गात होतो. आम्हा चौघांचा एक बाक ठरलेला होता. एक विरारचा, एक पापडीचा, एक अर्नाळ्याचा आणि मी. अर्थशास्त्राचे आमचे प्राध्यापक त्या वर्षी भारावल्यासारखे शिकवीत असत, कारण पुस्तकातले धडे वर्तमानपत्रात घडत होते. जुलै महिन्याच्या १ आणि ३ तारखेला रुपयाचे अवमूल्यन झाले होते. २४ जुलैला अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांनी आपला अर्थसंकल्प मांडला होता. त्यात खतांचे भाव वाढले होते, आणि ते वाक्य आमच्या घरी रेडिओवर ऐकल्यापासून बाबा खताच्या गोणीसाठी वेगळे पैसे साठवू लागले होते. त्या सोमवारी सर सांगत होते की परकीय चलनाची गंगाजळी आटल्यामुळे देशाला आपले सोने परदेशी बँकांकडे गहाण टाकावे लागले.

अर्नाळ्याचा मित्र उभा राहिला. "सर, आमच्या आईनं देशाच्या आधीच टाकलंय."

सारा वर्ग हसला. सरही हसले. मीही हसलो.

मधल्या सुट्टीत सूचनाफलकावर फी थकलेल्यांची यादी लागलेली दिसली. शनिवारपर्यंत भरणा न झाल्यास नाव पटावरून कमी होईल, असे खाली लिहिले होते. यादीत अर्नाळ्याच्या मित्राचे नाव होते, पुढे रक्कम १६० रुपये. त्याने यादी वाचली, खिशातून कंगवा काढला आणि काचेत बघून भांग पाडला. तास संपल्यावर तो दिसला नाही.

मंगळवारी तो आलाच नाही. मीही त्या दिवशी दुसऱ्या तासाला पोहोचलो, कारण पावसाने गाड्या रखडल्या होत्या. दुपारी आम्ही तिघे एसटीने अर्नाळ्याला गेलो. नारळी पौर्णिमा २५ ऑगस्टला होऊन गेली होती आणि किनाऱ्यावरच्या बहुतेक होड्या दर्यात गेल्या होत्या. त्यांची होडी मात्र वाळूवर कलती पडलेली होती. इंजिन बिघडले होते. पावसाळ्याच्या बंद महिन्यांत घरखर्चासाठी काढलेली उचल अजून फिटलेली नव्हती. मित्र ओटीवर बसून जाळे विणीत होता. त्याची बोटे इतक्या सफाईने चालत की आम्ही काही वेळ नुसते पाहतच राहिलो.

"मी बर्फाच्या कारखान्यात लागतोय," तो म्हणाला. "शिकायचं ते पुढल्या वर्षी बघू."

पुढल्या वर्षी बघू म्हणणारा परत येत नाही, हे आमच्या गावांतील कोणालाही सांगावे लागत नाही. त्याची आई चहा घेऊन आली. तिचे दोन्ही हात रिकामे होते. सोमवारचे माझे हसणे मला तेव्हा आठवले.

परतताना एसटीत आम्ही हिशेब केला. विरारच्या मित्राकडे वीस रुपये निघण्यासारखे होते. पापडीच्या मित्राचे वडील पैशाचे विचारले की कारण विचारीत. मी संध्याकाळी शाळेतल्या दोन मुलांची शिकवणी घेत असे, पण तिचे पैसे महिनाअखेरीस मिळत आणि ते येण्याआधीच पुस्तकांना लागलेले असत. वसई स्थानक आले आणि आम्ही काही न ठरवता पांगलो.

बुधवारी पहाटे दादरच्या बाजारात भाव चढला होता. जास्वंदीच्या कळ्या १२००, सोनचाफा ३०० आणि केळीच्या पानांच्या आठ जुड्या. दलालाने दलाली कापून २१२ रुपये माझ्या हातावर ठेवले. एवढे पैसे एका वेळी मी कधी हाताळले नव्हते. परतीच्या गाडीत ते खिशात चाचपीत मी उभा होतो. भाईंदर येईपर्यंत माझा निश्चय झाला होता. चांगल्या कामासाठी आहेत, चोरी कसली? देव पाहतो आहे. या शब्दांत मी स्वतःला समजावले, हे मला स्पष्ट आठवते. मी घरी गेलो नाही. रिकामी टोपली स्थानकाजवळच्या ओळखीच्या दुकानात ठेवली आणि सरळ महाविद्यालयाच्या खिडकीवर जाऊन मित्राच्या नावाने १६० रुपये भरले. पावती हाती आली तेव्हा मला आपण एकदम उंच झाल्यासारखे वाटले.

त्या दिवशी मराठीच्या तासाला सरांनी फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' काढले. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाने गोव्यात येऊन मराठीत पुराण रचावे आणि ते १६१६ साली रायतूरला छापले जावे, हे ऐकताना वर्गाच्या माना माझ्याकडे वळल्या. मी अभिमानाने सारे टिपून घेतले. टिपणे संपल्यावर खिशातली पट्टी हाताला लागली. ती मी त्याच वहीच्या पानांत सरकवली.

दुपारी घरी गेल्यावर मी बाबांच्या हातावर ५२ रुपये ठेवले.

"भाव पडलाय," मी म्हणालो. "पट्टी पावसात भिजली."

बाबांनी पैसे मोजले. माझ्याकडे पाहिले. "बरं," एवढेच म्हणाले आणि गोठ्याकडे गेले. सणाच्या तोंडावर मागणी वाढते आणि मागणी वाढली की भाव चढतो, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा. मी त्या विषयाचा विद्यार्थी असून मला खोटे बोलतानाही तो आठवला नाही.

गुरुवारी मित्र वर्गात आला. विरारच्या मित्राकरवी आम्ही पावती आदल्या संध्याकाळीच त्याच्या घरी पोहोचवली होती. त्याने मला बाजूला घेतले.

"पैसे कुठून आणलेस?"

"शिकवणीचे होते."

"दिवाळीपर्यंत फेडीन."

"फेडायचं कसलं? मित्र ना आपण?"

हे वाक्य बोलताना मला फार बरे वाटले. ते बरे वाटणे त्या रात्रीपर्यंत टिकले. रात्री शेजारच्या काकी आईच्या पायाची चौकशी करायला आल्या. पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाचा नोव्हेना चालू होता. प्रार्थनेहून परतताना त्या थांबल्या होत्या. आईच्या पायाला हळद लावता लावता त्या म्हणाल्या, "यंदा कळीला सोन्याचा भाव आहे बघ. काल तर दलाल आमच्या टोपल्यांवर तुटून पडले."

मी कंदिलाजवळ वही उघडून बसलो होतो. बाबा दारात बसून केळीचे सोपट भिजवून सारखे करीत होते. त्यांचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू लागले. ते काहीही बोलले नाहीत. मारले असते, ओरडले असते तर मला उत्तर देता आले असते. मनात मी ते तयारच करून ठेवले होते.

शुक्रवारी पहाटे टोपली नेहमीपेक्षा मोठी होती. बाबांनी पट्टीविषयी एक शब्द काढला नाही. महाविद्यालयात अर्नाळ्याच्या मित्राने बुधवारच्या तासाची टिपणे उतरवून घ्यायला माझी मराठीची वही मागितली. मी ती देऊन टाकली. अर्थशास्त्राची लहानशी चाचणी होती आणि पहिलाच प्रश्न मागणीच्या नियमावर होता.

शनिवारी बाबा म्हणाले, "आज स्टेशनपर्यंत मी येतो." टोपली त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली. एसटीत आम्ही शेजारी बसलो, पण बोललो नाही. फलाटावर टोपली माझ्या डोक्यावर चढवताना त्यांनी माझ्या खिशात दोन रुपये टाकले. "चहा घेत जा. पहाटेपासून उपाशी असतोस." गाडी सुटली तरी ते फलाटावर उभे होते. तो चहा मी घेतला नाही. महाविद्यालयात मित्र माझ्याशी नजर मिळवीना आणि शेवटच्या तासाला न थांबता निघून गेला. मला त्याचेही कारण कळेना.

रविवारी ८ सप्टेंबर होता. मरियामातेच्या जन्मदिनाचा सण त्या वर्षी रविवारीच आला होता. मुलांनी वेदीपुढे फुलांचा ढीग घातला होता. त्यात आमच्या वाडीतला सोनचाफाही होता. मिस्सेत मी गुडघे टेकले, पण कम्युनियन घ्यायला पुढे गेलो नाही. आई लंगडत गेली, बाबा गेले. बाकावर मी एकटाच राहिलो.

दुपारी तीनच्या सुमारास अंगणात सायकल वाजली. अर्नाळ्याचा मित्र होता. तो घामाने निथळत होता. मला काही न बोलता तो सरळ बाबांपुढे जाऊन उभा राहिला आणि खिशातून चार बोटांचा एक कागद काढून त्यांच्या हातावर ठेवला.

"काका, हे तुमचं आहे. याच्या वहीत होतं."

कागद कोरडा होता. पेन्सिलीचे अक्षर स्पष्ट होते. दोनशे बारा. बुधवारची तारीख.

"यातले एकशे साठ माझ्याकडे आहेत, असं धरा," तो म्हणाला. "रोख द्यायला आज नाहीत. चतुर्थीपर्यंत रोज कळ्या खुडायला येईन."

बाबांनी पट्टी वाचली, उलटी करून पाहिली. मग त्याला विचारले, "कळ्या खुडता येतात तुला?"

"नाही. जाळं विणता येतं."

"मग बोटं चांगली असतील. ये."

आम्ही तिघे वाडीत गेलो. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या दिवशी खुडावी लागते. फार कोवळी घेतली तर ती उमलतच नाही, फार भरलेली घेतली तर टोपलीतच फुटते. बाबा मित्राला हे शिकवीत होते आणि मी दोन ओळी पलीकडे मान खाली घालून खुडत होतो. अंधार पडू लागला तेव्हा बाबा माझ्या ओळीत आले. मी म्हणालो, "बाबा, मी खोटं बोललो."

"बुधवारपासून माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो." थोडा वेळ ते खुडत राहिले. मग म्हणाले, "दिलंस ते बरं केलंस. पोराचं वर्ष वाचलं. पण विचारायचं राहिलं तुझं. विचारलं असतंस तर मलाही देता आलं असतं."

एवढेच. पुन्हा त्या विषयावर ते मरेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. खताची गोणी त्या हंगामात उशिरा आली.

बाबा असे काही बोलतील असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. पैसे घेतल्याबद्दल, खोटे बोलल्याबद्दल मी क्षमा मागायला तयार होतो. पण मी त्यांचे आणखी काही घेतले होते, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलेच नव्हते. पहाटे उठून खुडलेल्या त्या कळ्या त्यांच्या आणि आईच्या होत्या. दान त्यांचे होते आणि दानाचा आनंद मी एकट्याने उपभोगला होता. मित्राच्या डोळ्यांतली कृतज्ञता मी स्वतःकडे वळवून घेतली होती. बाबा गरीब होते, पण देणारे होते. त्यांना देण्याची संधीच मी दिली नव्हती.

सोमवारी पहाटे मित्र माझ्याबरोबर दादरला आला. फूलबाजारात उभे राहून त्याने मासळीबाजारातल्या आवाजात अशी काही हाळी दिली की दलालही हसू लागला. चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत तो येत राहिला. बाबांनी १६० रुपयांतून त्याच्या कामाची मजुरी रोज वजा केली आणि उरलेले, "हे आमच्याकडून," म्हणून सोडून दिले. त्याने ते घेतले. आईने त्याच्या घरच्या गणपतीसाठी जास्वंदीचा हार पाठवला.

काही वर्षांनी मी गोरेगावच्या सेमिनरीत दाखल झालो. तेथे वाचनात फ्रेडरिक ओझानाम यांचे चरित्र आले. १८३३ साली पॅरिसमध्ये कायद्याचा अभ्यास करणारा हा वीस वर्षांचा विद्यार्थी. ख्रिस्तसभा आज गरिबांसाठी काय करते, असा टोमणा विद्यार्थ्यांच्या एका चर्चेत त्याला ऐकावा लागला. त्या वर्षीच्या २३ एप्रिलला मूठभर मित्रांसह त्याने जी संस्था सुरू केली ती आज आपल्या अनेक धर्मग्रामांत 'सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी' म्हणून काम करते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २२ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिसमध्येच त्यांना धन्यवादित घोषित केले. सुरुवातीच्या दिवसांत ओझानाम आणि त्यांच्या एका मित्राने आपल्या खोलीतले थंडीसाठी ठेवलेले जळण उचलून एका गरिबाच्या घरी नेऊन टाकले, असे सांगतात. ते वाचताना मी पुस्तक मिटून बसलो. जळण त्यांचे स्वतःचे होते. त्या रात्री गारठले असतील तर तेच गारठले असतील.

आज माझ्या हाताखालून पुष्कळ पैसे जातात आणि त्यातला एकही माझ्या घामाचा नाही. रविवारच्या दानपेटीत पडणारी नोट कोणाच्या रात्रपाळीची असते, कोणाच्या भाजीच्या पाटीची असते. दारात आलेल्या गरजवंताला ती देताना हात सैल सोडणे सोपे असते. "फादर फार उदार आहेत," असे लोक म्हणतात तेव्हा मला बुधवारची ती पावती आठवते. म्हणून गेली अनेक वर्षे मी एक नेम ठेवला आहे. धर्मग्रामाच्या पैशातून कोणाला मदत झाली तर, घेणाऱ्याचे नाव न घेता, किती आणि कशासाठी हे वेदीवरून लोकांना सांगतो. काहींना ही हिशेबाची हौस वाटते. मला ती देणाऱ्यांना त्यांचे दान परत करण्याची रीत वाटते.

माझी हकिगत संपली तेव्हा कचेरीबाहेर पाऊस थांबला होता. त्या मुलीने विचारले, "म्हणजे सभेत सांगायचं?"

"सांगायचं. पैसे भरून काढायला तुला वेळ लागेल. तोही त्यांना विचारायचा."

"आणि ते म्हणाले, ही चोरी आहे?"

"तर ऐकून घ्यायचं. माझ्या बाबांनी बुधवारपासून रविवारपर्यंत ऐकून घेतलं होतं."

सभेला मी मुद्दाम गेलो नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच येऊन सांगितले. दोघे मुलगे रागावले आणि त्यांचा राग योग्यच होता, असे ती म्हणाली. खजिनदारपद तिने सोडले, ते सभेने स्वीकारले. निम्मी रक्कम तिने हप्त्यांनी भरावी असे ठरले. उरलेली निम्मी मंडळाने त्या अनोळखी मैत्रिणीला आपल्या नावाने दिली. रागावलेल्या दोघांपैकी एकानेच हे सुचवले होते. त्यामुळे नाताळचा कार्यक्रम साधा करायचे ठरले.

अर्नाळ्याचा माझा मित्र पुढे शिक्षक झाला. माझ्या गुरुदीक्षेच्या दिवशी तो पहिल्या रांगेत बाबांच्या शेजारी बसला होता. बाबा गेले तेव्हा खांदा द्यायलाही होता. बाबांच्या मागे जुन्या घराची आवराआवर करताना मला भिंतीवरची ती तार सापडली. वर्षानुवर्षांच्या पट्ट्या तिच्यात ओवलेल्या होत्या, पिवळ्या पडलेल्या, कडा कुरतडलेल्या. मी १९९१ पर्यंत मागे गेलो. बुधवार, ४ सप्टेंबर. दोनशे बारा. बाबांनी ती इतर सगळ्यांसारखीच, तारखेच्या क्रमाने, आपल्या जागी अडकवून ठेवली होती.